पर्यावरणपूरक धुणं: बाटली निवडण्याआधी नळाचं पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या ताईंकडे फ्रंट लोड मशीन आहे, घरात अकरा महिन्यांचं बाळ आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पालिकेचं पाणी येतं, होळीनंतर बोअर आणि टँकर. त्यांनी ‘नैसर्गिक, वनस्पतीजन्य’ असं लिहिलेलं महागडं लिक्विड मागवलं. उन्हाळा संपेपर्यंत पांढरे कपडे कळकट झाले आणि टॉवेल खरखरीत. सासूबाई म्हणतात, रिठा वापर. शिवाय साताऱ्याजवळ सासरच्या घरी मशीनचं पाणी सरळ परसात सोडलंय, तिथल्या झाडांचीही काळजी आहे. तर नेमकं काय घ्यावं?

मी बरीच वर्षं डिटर्जंटची फॉर्म्युलेशन करण्यात घालवली आणि आता लाँड्र्यांना धुलाईबद्दल सल्ला देते. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या लिक्विडमध्ये खोट असेलच असं नाही. ते तुमच्या उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी केलेलंच नाही.

दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीसुद्धा धुण्याच्या हिशेबाने चांगलंच जड असू शकतं. खोबरेल तेलापासून केलेल्या बऱ्याच ‘नैसर्गिक’ लिक्विडांत खरा साबण असतो. साबणाची कॅल्शियमशी गाठ पडली की न विरघळणारा, चिकट, पांढरट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर धरतो, तो हाच. तोच साका धाग्यांत जाऊन बसतो, सुटलेल्या मळाला पुन्हा कपड्यावर चिकटवतो, आणि वाळल्यावर टॉवेल अंगाला टोचतो. मग माणूस म्हणतो, साबण कमी पडला, आणि पुढच्या वेळी दुप्पट टाकतो. साका दुप्पट.

चांगल्या पावडरीत या क्षारांना बांधून ठेवणारा एक घटक असतो. आमच्या धंद्यात त्याला बिल्डर म्हणतात. पूर्वी हे काम फॉस्फेट करायचं आणि झकास करायचं. पण धुवून झाल्यावर तेच फॉस्फेट नदीत आणि तळ्यात खत होतं. शेवाळ माजतं, जलपर्णी फोफावते, पाण्यातला ऑक्सिजन संपतो. युरोपीय संघाने ३० जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमध्ये एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नको, असा नियम केला. फॉस्फेटच्या जागी झिओलाइट आणि सायट्रेट (लिंबूसत्त्वाचा क्षार) आले. झिओलाइट म्हणजे एक प्रकारची बारीक खनिज पूड. ती कॅल्शियम घेते आणि सोडियम सोडते. लिक्विडमध्ये ती टिकत नाही, खाली बसते. म्हणून जड पाण्यासाठी मी जवळजवळ नेहमीच पावडर सुचवते, लिक्विड नाही. पावडरीला आणखी एक बरं आहे: तिला पाणी वाहून आणावं लागत नाही, आणि परिरक्षकही, म्हणजे नासू नये म्हणून घालायचं रसायनही, लागत नाही. लिक्विडला लागतो, आणि त्यातला मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा काही जणांच्या त्वचेला ॲलर्जी देणारा म्हणून चांगलाच ओळखीचा आहे. घरात बाळ आहे किंवा कुणाला एक्झिमा आहे, तर एवढं ध्यानात ठेवा.

आता पाणी कसं तपासायचं? घरी आरओवाला येऊन टीडीएस मीटर बुडवून जातो, त्यावर जाऊ नका. तो सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे कळत नाही. सोपी पद्धत अशी. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात धुण्याच्या साध्या साबणाच्या वडीचे चार कीस टाका (डिटर्जंटची वडी नको, तेलाचा साबण हवा), झाकण लावून जोरात हलवा. फेस उभा राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहिलं, तर पाणी मऊ. फेस बसला आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं, तर जड. एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा एप्रिलमध्ये करून बघा. तुमच्याच नळाची दोन वेगळी उत्तरं येतील.

जाता जाता: आरओचं फेकायचं पाणी बादलीत साठवून त्यात कपडे भिजवायची पद्धत घराघरांत आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त साचलेले असतात. ते फरशीला, संडासाला वापरा. कपड्यांना नको.

पर्यावरणाच्या दृष्टीने कुठली पावडर घ्यावी यापेक्षा ती किती टाकावी, याचा परिणाम मोठा असतो. आपल्याकडे धुणं बहुतेक थंड पाण्यात होतं, त्यामुळे पाणी तापवायची वीज, जी थंड देशांत धुण्याच्या पर्यावरणीय भाराचा मोठा भाग असते, ती आपल्याकडे फारशी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच हाताला कोमट लागतं. आपला भार वेगळा आहे: पाण्याचा उपसा, आणि गटारातून नीट शुद्ध न होता नदीत जाणारा डिटर्जंट. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, तो पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यात कारखान्यांचा वाटा आहेच, पण घरगुती सांडपाण्याचाही आहे.

आपल्याला फेस म्हणजे स्वच्छता वाटते. मोरीत बसून चुबकून धुताना फेस हा अंदाज होता, साबण पुरला की नाही ते कळायचं. मशीनमध्ये तो अडथळा आहे. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून मळ सुटतो. फेसाची गादी झाली की आपटणं थांबतं, आणि मशीनला फेस कळला तर ते जास्तीचं पाणी घेऊन पुन्हा खळबळत बसतं. काचेतून बघा. फेस काचेच्या एक तृतीयांशाच्या वर गेला, तर पावडर जास्त झाली. आणखी पक्की खूण हवी असेल तर धुऊन वाळलेला टॉवेल कोमट पाण्याच्या बादलीत टाका, साबण काहीही न घालता हाताने ढवळा. पाण्यावर फेस आला तर तो मागच्या धुण्याचा उरलेला आहे. बाळाच्या दुपट्यांवर तोच असतो.

पाकिटावरचं माप कमाल समजा. पाणी मऊ असताना त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. कॉलर आणि बाह्यांचे कफ निघत नसतील तरच थोडं वाढवा. जड पाण्यात माप वाढवावं लागतं, पण ते वाढवायच्या ऐवजी एक-दोन चमचे सोडियम सायट्रेट घाला. ते रसायनांच्या दुकानात सुटं मिळतं, खाद्यपदार्थांतही वापरतात, आणि पाण्यात लवकर विघटित होतं. धुण्याचा सोडा स्वस्त आहे आणि काम करतो, पण जड पाण्यात त्याच्यामुळे चुन्याची पूड कपड्यावर बसते, ती खरखर वेगळीच. त्यातून काळे कपडे राखाडी दिसायला लागतात.

लेबलांबद्दल. आपल्याकडे डिटर्जंटच्या बहुतेक पाकिटांवर घटकांची पूर्ण यादी नसते. जी कंपनी ती स्वतःहून छापते, तिला मी पहिला गुण देते. ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दाला फारशी किंमत देऊ नका. १९५०च्या दशकात जे डिटर्जंट आले त्यांतला फेस करणारा रेणू फांद्याफांद्यांचा होता, जिवाणूंना तो तोडता येत नव्हता, आणि युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. जर्मनीने १९६४ मध्ये आणि अमेरिकेतल्या उद्योगाने १९६५ मध्ये त्याच्या जागी सरळ साखळीचा रेणू आणला. आज तुमच्या किराणा दुकानातल्या सगळ्यात स्वस्त पावडरीतही बहुधा हाच सरळ साखळीचा रेणू असतो, म्हणजे तीही त्या अर्थाने बायोडिग्रेडेबलच. फरक एवढा की या रेणूला तुटायला हवा लागते. बंद सेप्टिक टँकमध्ये तो तसाच राहतो. साखर आणि खोबरेल तेलापासून केलेले ग्लुकोसाइड, लेबलवर डेसिल ग्लुकोसाइड किंवा कोको ग्लुकोसाइड असं लिहिलेले, हवेशिवायही तुटतात. खेड्यात सेप्टिक टँक असेल तर हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे. उत्पादकाकडे ओईसीडी ३०१ या विघटनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल असेल (२८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन, असा तिचा साधारण निकष), तर तो दावा खरा मानायला हरकत नाही.

‘एसएलएसमुक्त’ हेही असंच. एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, फेस करणारं एक रसायन. ते पटकन विघटित होतं. त्वचेला ते कोरडं पाडतं हे खरं, पण कपडे नीट खळबळले की तो प्रश्न उरत नाही. एसएलएस काढून त्याचंच भावंड एसएलईएस घालायचं आणि पुढे मोठ्या अक्षरांत ‘मुक्त’ लिहायचं, हे सर्रास चालतं.

सरकारी खूण हवी असेल तर मातीच्या घड्याचं चित्र असलेला इकोमार्क आहे. ही योजना १९९१ ची. साबण आणि डिटर्जंट तिच्या पहिल्या गटांत होते. उत्पादकांनी तिला फारसा प्रतिसाद दिला नाही, म्हणून दुकानात तो घडा क्वचितच दिसतो. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असं नुसतं लिहून चालत नाही, त्याला आधार दाखवावा लागतो. तेव्हा कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. फॉस्फेट आहे का, ऑप्टिकल ब्राइटनर आहे का, सुगंध कुठला, आणि नोनिलफिनॉलचं काही आहे का. शेवटचं जलचरांच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं. उत्तर गोलगोल आलं तर दुसरं पाकीट बघा.

ऑप्टिकल ब्राइटनर म्हणजे काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात धुतलेल्या शर्टावर मारा. निळसर चमकला तर त्यावर ब्राइटनर बसलेला आहे. तो मळ काढत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांचं निळ्या प्रकाशात रूपांतर करून पिवळटपणा लपवतो. आपली जुनी नीळ तेच काम करायची, साधेपणाने. ब्राइटनर पाण्यात हळू तुटतो आणि बाळाच्या कपड्यांना त्याची काही गरज नाही. तुम्हाला पांढऱ्या सदऱ्याला लख्खपणा हवाच असेल तर शेवटच्या पाण्यात निळीचे दोन थेंब पुरतात.

सासूबाईंच्या रिठ्याकडे येते. रिठा उत्तम आहे, पण सगळ्यासाठी नाही. त्यातलं सॅपोनिन फेस करतं, क्षाराच्या पाण्याशी साबणासारखा साका करत नाही, आणि त्याचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं. म्हणून रेशीम, लोकर, इरकलसारख्या गडद रंगाच्या साड्या यांना त्याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. डिटर्जंटच्या पावडरीत प्रोटिएज हे एन्झाइम असतं. ते दुधाचा, रक्ताचा डाग खातं तसंच रेशीम आणि लोकरही खातं, कारण तीही प्रथिनंच. म्हणून रेशमी कपड्यांना एन्झाइमवाली पावडर लावायचीच नाही, तिथे रिठाच. पण मळ सुटल्यावर त्याला पाण्यात धरून ठेवायचं काम रिठ्याला जमत नाही. रोजच्या घामाच्या, तेलाच्या, मुलांच्या मातीच्या कपड्यांना महिना-दोन महिने नुसता रिठा वापरलात, तर आत्तासारखेच कळकट होतील, आणि पांढऱ्यावर पिवळट छटा येईल ती वेगळी.

करायची रीत: आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून टाका, टरफलं रात्रभर अर्ध्या लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, हाताने कुस्करून पंच्याने गाळा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. बाहेर ते पाणी दोन दिवसांत आंबतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. कापडी पिशवीत रिठे घालून पिशवीच मशीनमध्ये टाकायची पद्धत आहे, तिच्यावर माझा विश्वास नाही. थंड पाण्यात त्यातून फार थोडं सुटतं आणि कपडे मुख्यतः पाण्याच्या जोरावर धुतले जातात. आणि नैसर्गिक आहे म्हणून रिठ्याचं दाट पाणी विहिरीत, तळ्यात ओतू नका. सॅपोनिन माशांना विषारी आहे. मासे गुंगवायला अशा सॅपोनिनच्या वनस्पती पूर्वापार वापरल्या जातात.

हल्ली संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम गच्चीवर बाग करणाऱ्यांकडे हमखास असतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. फरशीला, ओट्याला जरूर वापरा. धुण्याला ते डिटर्जंट म्हणून चालत नाही, कारण त्यात तेल सोडवणारं काही विशेष नसतं. ते मुख्यतः सालींचा वास असलेलं पातळ व्हिनेगर आहे. पण शेवटच्या खळबळीला पाव वाटी घातलं तर छान काम करतं: उरलेला सोडा मारतं, चुना सोडवतं, टॉवेल मऊ होतो. फॅब्रिक सॉफ्टनरच्या जागी मी हेच किंवा साधं व्हिनेगर सुचवते. सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर चढवतो, त्यामुळे टॉवेल आणि लंगोट पाणी शोषेनासे होतात. बाळासाठी तर तो आणूच नका. मात्र एक पक्कं लक्षात ठेवा: व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा बायोएन्झाइम कधीही ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनच्या ब्लीचबरोबर वापरू नका. क्लोरीन वायू सुटतो. आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून फसफसणारं मिश्रण कपड्यांवर ओतायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात दोघंही एकमेकांना मारतात आणि हातात खारट पाणी उरतं.

पांढरं करायचं असेल तर क्लोरीनपेक्षा सोडियम परकार्बोनेट बरं, ‘ऑक्सिजन ब्लीच’ नावाने मिळतं. काम संपल्यावर त्याचा सोडा, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. थंड पाण्यात ते आळशी असतं, ४० अंशांच्या पुढे जागं होतं. हळदीच्या डागासाठी मात्र तेही नको. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो आणि लोक घाबरतात. हळदीतला रंग अल्कलीत लाल दिसतो, एवढंच. धुऊन, ओला असतानाच कडक उन्हात टाका. तो रंग प्रकाशात टिकत नाही. दुपारपर्यंत बराचसा उडालेला दिसेल, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. फुकट आणि निरुपद्रवी ब्लीच आपल्या डोक्यावर दहा महिने तळपत असतं.

बाळाच्या कपड्यांसाठी वेगळं ‘बेबी’ लिक्विड घ्यायची गरज नाही. बिनवासाची पावडर, अर्धं माप, एक खळबळ जास्त. दूध किंवा शीचा डाग आधी थंड पाण्याखाली धरा. गरम पाण्यात प्रथिनं शिजून धाग्याला धरतात.

तर तुमच्यासाठी खरेदी अशी: उन्हाळ्यासाठी फ्रंट लोडची फॉस्फेटमुक्त, झिओलाइट आणि एन्झाइम असलेली, बिनवासाची पावडर, कागदी खोक्यात मिळाली तर फारच छान, सोबत सायट्रेटचा डबा. पावसाळा-हिवाळ्यात पालिकेच्या पाण्यावर तुमचं आत्ताचं लिक्विड चालेल, निम्म्या मापाने. रेशमी-लोकरीसाठी रिठा. बस्स. चुंबकाचे गोळे, सिरॅमिकचे गोळे यांवर एक रुपया घालवू नका. नुसत्या पाण्याने धुतलं तरी तेवढंच निघतं. विरघळणाऱ्या पापुद्र्यांच्या शीट आणि कॅप्सूल दिसायला प्लास्टिकमुक्त असतात, पण त्यांचा पापुद्रा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, आणि माप कमी करायची सोयच त्यांत नसते.

तुमच्या सोसायटीचं सांडपाणी प्रकल्पात जात असेल तर जिवाणू तिथे काम करत असतात. क्लोरीन ब्लीच आणि सॉफ्टनर त्यांना मारतात. जास्तीच्या डिटर्जंटने हवा देण्याच्या टाकीत फेस येतो आणि मग तो मारायला आणखी एक रसायन ओततात. ऑपरेटरशी एकदा बोलून बघा, सणासुदीच्या धुण्यानंतर त्याची काय तारांबळ होते ते तो सांगेल.

साताऱ्याच्या परसाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मला जास्त काळजी वाटते. जवळजवळ सगळ्या पावडरी म्हणजे सोडियमचे क्षार: सोडा, सल्फेट, सिलिकेट. काळ्या मातीत सोडियम साठत गेला की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासं होतं, वर पांढरट थर येतो, वाळल्यावर दगडासारखी कडक. उसाच्या पट्ट्यात जिला चोपण जमीन म्हणतात, तिचीच ही घरगुती आवृत्ती. तेव्हा तिथे पावडर नको, आणि सायट्रेटही नको, तेही सोडियमचंच. लिक्विड वापरा, शक्यतो पोटॅशियमच्या साबणाचं किंवा ग्लुकोसाइडचं. लेबलवर बोरॅक्स असेल तर घेऊ नका, बोरॉन थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा करपतात. पहिलं, साबणाचं पाणी शोषखड्ड्यात सोडा आणि फक्त खळबळीचं पाणी झाडांना द्या. मशीनचा पाइप दोन बादल्यांत आळीपाळीने सोडला की जमतं. जुन्या घरांत मोरीच्या तोंडाशी कर्दळ, केळ, अळू लावायचे, ते अजूनही तिथेच लावा. मात्र त्या अळूची भाजी करू नका. लिंबू, गुलाब, कढीपत्ता त्या पाण्यापासून लांब ठेवा. आणि जागा आलटून-पालटून बदला, म्हणजे एका पावसाळ्यात साठलेला सोडियम थोडा तरी धुऊन जाईल. आत्ताच थर दिसत असेल तर कृषी सेवा केंद्रातून जिप्सम आणा, ते मातीत मिसळा आणि वरून साधं पाणी भरपूर द्या.